काटा एकाहत्तरवर

वडवणी
२६ जानेवारी २०२५

अण्णा,

चौदा महिने तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी मागते. तू फोन उचलत नाहीस, हे कारण मी आईला सांगत आले. ते खरं कारण नव्हे. पोस्टाची पेटी आपल्या दुकानासमोरच आहे. मी रागावले होते आणि राग उतरेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. राग अजून उतरलेला नाही. तरी लिहिते, कारण आता वाट पाहण्याइतका वेळ नाही.

आज कॉलेजात झेंडावंदन झालं. जिलेबीचा कागद हातात घेऊन सूरज समोर उभा. अर्जुनरावांचा पुतण्या, माझा जुना विद्यार्थी. विमान शिकून परत आलाय हे तुला कळलं असेल.

“मॅडम, इमान तयार झालं. तेरा तारखेला काकांची एकसष्टी हाय. पालीत मिरवणूक, वरून फुलं. उडवायचं म्याच हाय.”

मी विचारलं, “पट्ट्यांचं काय केलंस?”

“खरवडून काढल्या की समद्या. त्याच्यापायीच पडलं व्हतं न्हवं?”

“आणि दार?”

“उजवं दार काढलंय. त्याबिगर फुलं टाकायची कशी?”

माझ्या हातातली जिलेबी तशीच राहिली.

आता क्रमानं लिहिते. तुला सगळं माहीत आहे. पण मधली एखादी पायरी गाळली की मी स्वतःलाच फसवते, म्हणून सगळ्या लिहिते.

अर्जुनरावांनी दोन माणसांचं विमान घेतलं, पालीच्या धरणाखाली शेतात धावपट्टी केली आणि तुला वैमानिक म्हणून बोलावलं. इतर पुढारी फुलांसाठी हेलिकॉप्टर भाड्यानं आणतात, यांना घरचं हवं होतं. पण फुलं मिरवणुकीवरच पडायची तर खालून आणि हळू उडायला हवं, आणि ते विमान ताशी सहासष्ट किलोमीटरच्या खाली हवेत राहत नव्हतं. इंजिन चालूच असतं. वेग कमी झाला की नाक वर करावं लागतं, आणि एका हद्दीपलीकडे पंखाच्या पाठीवरची हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते. हवा सुटली की पंख हा नुसता पत्रा. तोच स्टॉल. वर्गात पोरं अजूनही विचारतात, “मॅडम, मग गाडी बंद पडल्यावानी न्हाई का?” नाही, तसं नाही.

मी आपल्याच दुकानातल्या ॲल्युमिनियमच्या अँगलच्या चव्वेचाळीस पट्ट्या कापल्या. बोटाच्या पेराएवढ्या. पंखाच्या पुढच्या कडेमागे तिरक्या ओळीत चिकटवल्या, म्हणजे त्या हवा घुसळतील आणि पंखालगतच्या मंदावलेल्या हवेला वरच्या हवेचा जोर मिळेल. पंखांच्या टोकांकडे पुढच्या कडेला फोम आणि फायबरचा खाली झुकलेला ओठ बसवला. लोक या सगळ्याला मिळून पट्ट्याच म्हणतात, मीही तेच म्हणते. आईच्या लाल लोकरीचे तुकडे पंखावर डकवून तू नऊ उड्डाणं केलीस. आधी जिथं लोकर उलटी फिरायची, तिथं ती मागे सरळ पडून राहिली. वारा पडलेल्या सकाळी, जाताना आणि येताना मोबाइलवरचा वेग घेऊन सरासरी काढली. सहासष्टचे अठ्ठावन्न झाले. वहीत प्रत्येक आकडा आहे. हवा सुटण्याआधीची, इशारा देणारी थरथर कमी झाली, हेही आहे.

३ डिसेंबर २०२३ ला पालीवर उजवीकडे वळताना उजवा पंख पडला, म्हणजे हवा सुटून एकदम खाली गेला. विमान कापूस वेचून झालेल्या रानात आपटलं. खाली कोणाला लागलं नाही. तुझं कंबरेचं हाड मोडलं. चौकशीला आलेल्या दोघांना तू दवाखान्यात एकच वाक्य सांगितलंस, “बहिणीनं लावलेल्या पट्ट्यांमुळं झालं.” त्यांनी कारण म्हणून ‘विनापरवाना बदल’ असं लिहिलं. परवाना घेतला नव्हता, हे मी स्वतः लिहून सही केली आहे. तो गुन्हा माझा. पण विमान पट्ट्यांनी पाडलं नाही. तू म्हणालास तरी नाही, आणि कागदावर आलं तरी नाही.

त्या दिवशी दार अर्जुनरावांच्या गड्यानं, बजरंगनं काढलं होतं. माझा संशय दारावर आहे. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. आज डोकं शांत नाही.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. पंख पडला त्या क्षणी वेगाच्या डायलवर काटा कुठे होता? बाकी काही लिहू नकोस. आकडा लिही.

प्रणिता

वडवणी
३० जानेवारी

अण्णा,

उत्तर नाही. पत्र पोचायलाच चार दिवस लागतात हे मला कळतं, तरी दुपारी शिवशंकर पोस्टमन दिसला की मी दुकानाच्या पायरीवर जाते.

दाराचं लिहिते. आपल्या डायलला दोन हवा लागतात. एक, पंखाच्या दांडीवरच्या नळीत समोरून घुसणारी. दुसरी, स्थिर हवा. मोठ्या विमानात ती बाहेरच्या ठरावीक छिद्रातून घेतात. आपल्या विमानात दुसरी नळी डायलच्या मागे केबिनमध्येच मोकळी सोडलेली आहे. दारं बंद असतील तर केबिनमधली हवा जवळपास स्थिर. एक दार काढलं की बाहेरचा वारा आतली हवा ओढून घेतो. धावत्या जीपच्या खिडकीत ओढणी बाहेर खेचली जाते ना, तसं. आतला दाब उतरला की दोन हवांमधला फरक वाढतो आणि डायलला वाटतं वेग जास्त आहे. आपली नऊही उड्डाणं दोन्ही दारं लावून झाली होती. दार काढून एकही नाही.

माझं बरोबर असेल तर तुला डायलनं फसवलं. आणि सूरजला ते त्याहून जास्त फसवेल, कारण त्याच्याकडे आता पट्ट्या नाहीत.

काल कॉलेज सुटल्यावर पालीला गेले. अर्जुनराव ओसरीवर मंडपवाल्याशी बोलत होते. त्यांच्या पत्नी छबुबाई निमंत्रणाच्या पत्रिकांना हळद लावत होत्या. मी ओढणीचं सांगितलं, जीपचं सांगितलं. अर्जुनरावांनी ऐकून घेतलं, मग मंडपवाल्याकडे बघून हसले.

“ताई, तुमच्या पट्ट्यांनी माझं इमान पाडलं, भावाला आडवं केलं. तवा तुमी म्हणल्या पट्ट्या लई भारी. आता पट्ट्या काढल्या, तर म्हणता दार. उद्या म्हणसाल अर्जुनरावच लई जड हाय, त्याच्यापायी पडलं.”

मंडपवाला हसला. छबुबाई हसल्या नाहीत.

सूरज मध्ये पडला. “मॅडम, सहासष्टला सुटतंय ना? म्या काटा पंच्याहत्तरच्या खाली येऊ देत न्हाई. नऊचं अंतर ठिवतो. मग?”

“तो काटा खरं सांगत नसेल तर?”

“हे म्हणायला कागद हाय का कुठं?” अर्जुनरावांनी विचारलं. “कागद तर पट्ट्या म्हणतोय. तुमचा सख्खा भाऊ पट्ट्या म्हणतोय. त्यो बसला व्हता आत, तुमी न्हाई. गुरुपादअण्णा म्हणू द्या काट्याचं कायबी, मंग बघू.”

म्हणजे सगळं तुझ्यावर येऊन थांबलंय.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तू पट्ट्यांपायी भांडतीस का त्या पोरापायी?”

मी म्हटलं, “पोरापायी.”

“मंग पट्ट्यांचं नाव जेवताना धा येळा कावून घेतीस?”

मी आज सकाळी वही उघडली आणि हा प्रश्न तसाच लिहून ठेवला. प्रामाणिक उत्तर असं आहे, की मला दोन्ही हवं आहे. सूरज खाली सुखरूप उतरायला हवा, आणि माझ्या चव्वेचाळीस पट्ट्यांवरचा डागही जायला हवा. पहिल्यासाठी मी दुसरं सोडेन का? सोडेन. पण कोणी मागितल्याशिवाय सोडणार नाही.

आकडा पाठव.

प्रणिता

वडवणी
२ फेब्रुवारी, रविवार

अण्णा,

आज सकाळी साडेसहाला मी धावपट्टीवर होते. सूरजनं स्वतःहून बोलावलं. म्हणाला, “काका बीडला गेलेत. तुमचं ते ओढणीचं डोक्यातनं जाईना, मॅडम. बघून टाकू एकदाचं.”

वारा अजिबात नव्हता. धरणावरचं धुकं खाली उतरलं होतं, पण पट्टी दिसत होती. उडायचं नाही, फक्त जमिनीवर पळवायचं, हे मी आधी तीनदा वदवून घेतलं. सूरज आत, मोबाइल त्याच्या मांडीला बांधलेला. मी पट्टीच्या कडेला वही घेऊन.

पहिल्यांदा दोन्ही दारं लावून. मोबाइलवर पन्नास, डायलवर पन्नास. उलट दिशेनं, पुन्हा पन्नास. एकदा एकावन्न. मग उजवं दार काढलं.

तो पलीकडच्या टोकाला गेला, वळला, परत आला आणि इंजिन बंद करून बराच वेळ उतरलाच नाही. मी जवळ गेले.

“किती?”

“सत्तावन्न.” मग म्हणाला, “मोबाइल पन्नासच दावतोय, मॅडम. काटा सत्तावन्न.”

सहा वेळा केलं. दोन वेळा अठ्ठावन्न, बाकी सत्तावन्न. प्रत्येक पन्नासाला सात जास्त. याच हिशेबानं सूरजचा काटा पंच्याहत्तर दाखवेल तेव्हा विमान खरं पावणेसहासष्टनं चाललेलं असेल, आणि पट्ट्यांशिवाय त्याचा पंख सहासष्टलाच हवा सोडतो. ज्याला तो नऊचं अंतर म्हणत होता ते अंतर नाहीच. सरळ उडतानाच तो पडेल, वळायचीही गरज नाही. पट्ट्या काढून त्यांनी विमान सुरक्षित केलं नाही, उरलंसुरलं अंतरही काढून घेतलं. हे मी त्याला वाळूत बोटानं आकडे मांडून दाखवलं. त्यानं पायानं ते पुसले, मग स्वतः परत मांडले.

“काका म्हणतील जमिनीवरचं येगळं, हवेतलं येगळं.”

आणि काका बरोबर म्हणतील. हवेत नाकाचा कोन वेगळा असतो, इंजिनच्या पंख्याचा वारा वेगळा लागतो. जमिनीवरचं माप हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. हवेत, दार काढून, हवा सुटण्याच्या क्षणी काटा पाहिलेला माणूस एकच आहे, आणि तो लातूरला वहिनीच्या माहेरी बसून बहिणीची पत्रं न वाचता ठेवतो आहे.

की वाचतोस?

वाचत असशील तर पुढचं नीट वाच. पहिल्या पत्रात मी लिहिलं की दार बजरंगनं काढलं. ते खोटं आहे. दार मी काढलं. अर्जुनरावांचा निरोप आला, मिरवणूक निघाली, फुलांच्या टोपल्या आत बसेनात. बजरंग पाणी शिंपडून झेंडू ताजा ठेवत होता. पाना माझ्या हातात होता, बिजागऱ्यांच्या पिना मी काढल्या. काढताना मनात आलं होतं, की दार काढून एकदा माप घ्यायला हवं. अगदी स्पष्ट आलं होतं. वर्गात मी पोरांना सांगते, एक गोष्ट बदलली की आधीचं माप रद्द. पण ढोल ऐकू येत होते, आणि मला माझ्या पट्ट्या सगळ्या पालीला दाखवायच्या होत्या.

चौकशीवाल्यांनी जाता जाता विचारलं, दार कोणी काढलं? मी म्हटलं, “बजरंगनं काढलं असेल.” त्यांनी नोंदवलंही नाही. पण अर्जुनरावांनी ऐकलं, आणि न विचारता दार काढलं म्हणून बजरंगला विमानावरून हटवलं. तो आता जेसीबी चालवतो. चौदा महिने मी त्याच्या घरावरून जाते आणि त्याची बायको मला चहाला हाक मारते.

अजून एक, तेही लिहून टाकते. पट्ट्या नसत्या तर तू इतक्या हळू उडवलंच नसतंस. ती हिंमत तुला माझ्या अठ्ठावन्नानं दिली. हे मी नाकारत नाही. पण अठ्ठावन्न खरे होते, अण्णा. ते मी कोणाच्या बापासमोर मागे घेणार नाही. शिक्षा द्यायची तर दारासाठी दे. पट्ट्यांसाठी नको.

प्रणिता

वडवणी
१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

अण्णा,

तुझं कार्ड परवा, मंगळवारी आलं. शिवशंकर ते वाचतच पायरी चढला. “मॅडम, निस्ता आकडा हाय वर. मटक्याचा तर न्हाई ना?” मग खालची ओळ वाचून त्यानं कार्ड माझ्या हातात दिलं आणि सायकल काढली.

‘काटा ७१. उजवं वळण, तीस अंश. दाराचं तू कधी सांगतेस याचीच वाट पाहत होतो. — गुरुपाद.’

म्हणजे तू पाहिलं होतंस. पाना हातात घेऊन मी उभी होते, तू आत पट्टा बांधत होतास, आणि पाहिलं होतंस. मी बजरंगचं नाव घेतलं हेही तुला कळलं होतं. मला इतके दिवस वाटत होतं, तू विमानामुळे बोलत नाहीस.

आधी आकड्याचं. तीस अंश वळणात पंखाला जास्त वजन पेलावं लागतं, म्हणून अठ्ठावन्नचे बासष्ट होतात. काटा एकाहत्तर दाखवत असताना, प्रत्येक पन्नासाला सात जास्त धरले, तर खरा वेग बासष्ट निघतो. मी हा गुणाकार चार वेळा केला, कारण इतकं जुळलं की मला स्वतःचाच संशय येतो. पट्ट्यांनी जिथं सोडायचं कबूल केलं होतं, नेमकं तिथं सोडलं. तुझी चूक नव्हती. काटा तुला सांगत होता की नऊ शिल्लक आहेत.

काल सकाळी वही, कार्ड आणि आईला घेऊन पालीला गेले. आई म्हणाली, मी येते, ते मला हसून दावू देत. ओसरीवर पंधरा-वीस माणसं होती. मी उभ्यानं सगळं वाचलं. शेवटी दार मी काढलं, बजरंगचा काही दोष नव्हता, हेही वाचलं.

अर्जुनराव लाल झाले. “म्हंजे दार तुमी काढलं, नाव गड्याचं घेतलं, आन आता आमाला शानपन शिकवता?”

“हो,” मी म्हटलं. “मी खोटं बोलले होते. आकडे खोटं बोलत नाहीत. मला काय म्हणायचं ते म्हणा. दार लावल्याशिवाय ते विमान उडणार नाही. उडवायला काढलं तर मी आधी धावपट्टीवर आडवी होईन, आणि अर्जुनराव, एकसष्टीच्या फोटोत तुमच्याशेजारी ते बरं दिसणार नाही.”

“दार लावलं तर फुलं कुठनं टाकायची? धुराड्यातनं?”

सूरजनं खिशातून किल्ली काढली आणि पत्रिकांच्या ढिगावर ठेवली. “काका, म्या न्हाई उडवत. म्या सोता मोजलंय. पंच्याहत्तरवर खाली आलो असतो. तुमच्याच मंडपावर.”

“भित्रा हायस बे तू.”

“हाय.”

तेव्हा छबुबाई आतून बोलल्या. “फुलं जेसीबीनं टाका. समदे तसंच करत्यात. पोरगं वर धाडून मला उद्या खाली बसून बघायचं न्हाई. गेल्या टायमाला म्या बघितलंय गुरुपादला पडताना.”

अर्जुनरावांनी किल्ली उचलून खिशात टाकली. माफी मागितली नाही, मान्यही केलं नाही. मला त्याची गरज नाही.

आज मिरवणूक झाली. आई आणि मी गेलो होतो. चौकात जेसीबीचं खोरं वर गेलं आणि झेंडू एकदम ढिगानं अर्जुनरावांच्या फेट्यावर पडला. ते खोकत बाजूला झाले. जेसीबीवर बजरंग होता. उतरल्यावर मी त्याच्याजवळ गेले. पाठ केलेलं सगळं विसरले.

“बजरंग, दार मी काढलं होतं.”

“म्हायती व्हतं मला.”

“मग बोलला का नाहीस?”

त्यानं कानातली पाकळी काढली. “तुमी मास्तरीन. माझं कोन ऐकनार व्हतं? पर कागदावर लिवा, मॅडम. ओसरीवर बोललेलं उद्या वाऱ्यावर जातं.”

त्याचं बरोबर आहे. चौकशीच्या कागदात अजून पट्ट्याच आहेत, दार नाही. मी खुलासा लिहिला आहे. सहासष्ट, अठ्ठावन्न, पन्नासाला सात, बासष्ट. परवाना नव्हता हे पुन्हा. दार मी काढलं, माप घेतलं नाही, आणि दुसऱ्याचं नाव घेतलं. यावर माझी नोकरी जाऊ शकते, हे प्राचार्यांच्या मेहुण्यानं आजच मिरवणुकीत सांगितलं, हसत हसत. जाऊ दे. बिनापरवान्याचं आणि खोटं बोलण्याचं जे होईल ते मी घेईन. पण त्या कागदावर कारण म्हणून पट्ट्या लिहिलेल्या मी राहू देणार नाही, आणि तिथं वैमानिकाचं नावही येऊ देणार नाही.

तुझा आकडा मी त्यात घातला आहे. त्याखाली तुझी सही लागेल की नाही, ते तू ठरव. मी मागणार नाही. आईनं लाल लोकर परत मागितली आहे, तुझ्यासाठी कानटोपी विणायची म्हणते. ती लातूरला पाठवायची की तू येऊन नेणार, हे तिला थेट कळव, माझ्यामार्फत नको.

उद्या: साडेदहाला पोस्ट उघडताच खुलासा रजिस्टर करणे.

प्रणिता